गुनवोरला पाठ असलेले रस्ते

सोमवार, १७ जून. सॉडरहाम्न

ट्रेन वेळेवर आली. उतरायचं राहून जाईल या धास्तीनं मी आधीच्या स्टेशनापासून दारात उभा होतो. गुनवोर फलाटावर होती. माझी बहीण पंचाहत्तर वर्षांची झाली, पण खांदे अजून तसेच रुंद, आणि उभी राहते तीही पाय रोवून, एखादा खांब रोवावा तशी. मी लांबूनच हात हलवला. तिनं बघून न बघितल्यासारखं केलं. चार पावलांवर जाऊन "गुनवोर" म्हणालो तेव्हा कुठे "आलास होय रे भित्र्या!" म्हणत पाठीत धपाटा घातला. तीन वर्षांनी भेटतोय. निदान हात तरी हलवायचा होता.

मे महिन्यात तिचा फोन आला होता. "अल्वार, लहानपणी ज्या ज्या गावांत आपण उन्हाळे काढले ती सगळी बघायची. नदीच्या काठानं, खालून वर. गाडी मी चालवते." मी म्हटलं, यंदा माझी कंबर धरलीय, पुढच्या वर्षी जाऊ. "यंदाच," म्हणाली आणि फोन ठेवला. गुनवोरला नाही म्हणणं मला सदुसष्ट वर्षांत जमलेलं नाही.

बाबा यूस्नान नदीतून ओंडके वाहून नेणाऱ्या टोळीत होते आणि आई त्या टोळीचा स्वयंपाक करायची. बर्फ वितळलं की आमचं बिऱ्हाड नदीबरोबर या गावातून त्या गावात. बाबा पाण्यात, आई चुलीपाशी, आणि मला सांभाळायला गुनवोर. पुढे तिनं चाळीस वर्षं ओंडक्यांचा ट्रक चालवला आणि मी चर्चमध्ये ऑर्गन वाजवला. बाबा म्हणायचे, देवानं माझ्या घरी पार्सलं उलटसुलट टाकली.

मी गाडी चालवत नाही. १९९१च्या जानेवारीत चर्चच्या गायनवृंदातल्या अकरा मुलींना घेऊन येताना मी चालवत असलेली छोटी बस बर्फावरून घसरून चारीत गेली होती. एका मुलीचा पाय मोडला. कुणी मला बोललं नाही. त्यानंतर मी स्टिअरिंगला हात लावलेला नाही.

उद्या निघायचं. रस्त्यात घोड्याएवढालं एल्क हरीण आडवं आलं तर काय होतं ते मी वर्तमानपत्रात इतक्यांदा वाचलंय की आता झोप कुठून येणार.

मंगळवार, १८ जून. बोल्नेसच्या अलीकडे

जिवंत आहे.

गुनवोर पूर्वीपेक्षा वाईट गाडी चालवते. रस्त्याच्या मधोमध चालवते आणि समोरून कुणी आलं की शेवटच्या घटकेला बाजूला घेते. मी दोन्ही पाय पुढे रोवून बसलो होतो, ब्रेक माझ्याकडेच असल्यासारखा. वळण आलं की डोळे मिटतो.

"पाट्या वाच रे," ती म्हणाली.

"कशाला?"

"लहानपणी वाचायचास तसं. ट्रकच्या हौद्यात बसून, आठवतं? एका पाटीला साखरेचा एक खडा."

मला भरून आलं. इतकी वर्षं लक्षात ठेवलंय तिनं! मग मी वाचत गेलो. वेग सत्तर. पुढे अरुंद रस्ता. एल्क. चर्च. बोल्नेस बारा. चुकून एखादी पाटी गाळली की ती लगेच म्हणायची, "झोपलास का?" अशी हौस तिला या वयात.

सगळा रस्ता तिला तोंडपाठ आहे. "आता लाल कोठार. आता उतार. उताराच्या पायथ्याशी उजवीकडे दुधाचे कॅन ठेवायचा ओटा." आणि खरंच ते सगळं तिथे असतं. "रंग कसाय रे कोठाराचा? उडालाय?" मी म्हटलं, बघ की, समोरच तर आहे. "मी रस्ता बघते," ती म्हणाली.

एक गोष्ट मात्र खुपली. बोलताना ती माझ्याकडे बघत नाही. माझ्या कानाच्या थोडं बाहेर बघते, जणू माझ्यामागे कुणी जास्त महत्त्वाचं माणूस उभं आहे.

दुपारी एका कॉफीच्या दुकानात थांबलो. "तूच सांग माझ्यासाठी काहीतरी," म्हणाली, "चष्मा गाडीत राहिला." कॉफी ओतताना अर्धी बशीत, अर्धी टेबलावर. मग बाहेर येताना दाराच्या चौकटीला खांदा धडकला. तिच्या नडगीवर तीन काळेनिळे डाग आहेत, जुने वेगळे नि नवे वेगळे.

लिहायला लाज वाटते, पण लिहितो. माझी बहीण पिते की काय?

बुधवार, १९ जून. बोल्नेस

ती अंघोळीला गेली तेव्हा तिच्या थर्मासचा वास घेतला. कॉफी. तिच्या पिशवीत मोजे, दोरी, खिशातला चाकू, एक भलंमोठं गोल भिंग. बाटली नाही. मग मला स्वतःचीच किळस आली.

पण मग ते डाग कसले? आणि आज काठावरच्या ज्या घरात आम्ही दोन उन्हाळे काढले, तिथल्या कठड्यावर ती दहा मिनिटं हात फिरवत उभी होती. डोळे मिटून. मालकीणबाई खिडकीतून बघत होती. मी म्हटलं, "चल, लोक काय म्हणतील." तर म्हणते, "हा खिळा बाबांनी ठोकलेला. डोकं वाकडं आहे बघ." खिळा खरंच वाकडा होता. हे तिला न बघता कसं कळलं ते तिचं तिलाच ठाऊक.

गुरुवार, २० जून. यूस्दालच्या वाटेवर

पेपरमिंटच्या गोळ्या काढायला गाडीतला खण उघडला तर एक पाकीट होतं. वर इस्पितळाचा शिक्का, फोडलेलं. दुसऱ्याचं पत्र मी वाचत नाही. आईनं ते आम्हाला लहानपणीच शिकवलं. खण बंद केला.

पण दिवसभर तो शिक्का डोळ्यांपुढून हलेना. "यंदाच" म्हणाली होती ती. पुढच्या वर्षी नाही. आता मला त्या शब्दाचा अर्थ लागला. विचारावं तर जीभ उचलत नाही. विचारलं आणि तिनं हो म्हटलं तर?

रस्त्याच्या कडेला ल्युपिन फुललेत, मैलच्या मैल, निळे नि जांभळे. "कसे दिसतायत?" म्हणाली. मी म्हटलं, सुंदर. "सुंदर म्हणजे काय? नीट सांग." मला वाटलं, मरणाऱ्या माणसाला सगळं दुसऱ्याच्या तोंडून पुन्हा एकदा ऐकावंसं वाटत असेल. म्हणून नीट सांगितलं.

शुक्रवार, २१ जून. मिडसमरचा सण. राग्नाकडे, यूस्दाल

राग्ना ही गुनवोरची जुनी मैत्रीण. ट्रकवाल्यांच्या खानावळीत ती स्वयंपाकीण होती आणि अजून प्रत्येक माणसाला आपल्याकडे जेवायला आलेला ट्रकवालाच समजते. सकाळी गावच्या माळावर फुलांचा खांब उभा केला, मुलं त्याभोवती नाचली. मग अंगणात मोठं टेबल, शेपू घातलेले कोवळे बटाटे, मुरवलेले हेरिंग मासे, स्ट्रॉबेरीचा केक. डासांनी आम्हाला खाल्लं आणि आम्ही माशांना.

सगळ्यांनी कागद धरून गाणी म्हटली. गुनवोरनं कागद घेतला नाही, सगळी कडवी न अडखळता म्हणाली. मला अभिमान वाटला.

राग्नानं मला कोठीघरात गाठलं. "काय रे, गाडी कोण चालवतंय?"

"गुनवोर."

"आणि तू?"

"मी शेजारी बसतो. पाट्या वाचतो."

तिनं हातातली शेपूची जुडी खाली ठेवली. "शेजारी बसून पाट्या वाचतोस. आणि तुला काही म्हणजे काहीच वाटत नाही?"

"भीती वाटते," मी खरं ते सांगितलं.

"देवा रे! ऑर्गनवाल्या, तुला नुसते कानच दिलेत बघ."

माझ्या वादनाबद्दल बोलत असावी. सूर मात्र कौतुकाचा नव्हता.

जेवणानंतर त्या दोघी विहिरीपाशी कुजबुजत होत्या. माझे कान खरंच चांगले आहेत. राग्ना म्हणत होती, "तू त्याला सांग, नाहीतर मी सांगते." गुनवोर म्हणाली, "बुधवारपर्यंत थांब. वरच्या धबधब्यापर्यंत जाऊ दे मला. मग काय करायचं ते कर." राग्ना रडवेली झाली होती. "अगं, एवढा कसला हट्ट?"

म्हणजे माझा अंदाज खरा. किती दिवस दिलेत डॉक्टरांनी? मी केकचा दुसरा तुकडा घेतला होता, तो तसाच ताटात राहिला.

रविवार, २३ जून. फेरिला

आज अक्षर वाईट येईल.

सकाळी अकराच्या सुमारास, सरळ रस्ता, लख्ख ऊन. पुढे एक बाई सायकलवरून चालली होती, मागच्या टोपलीत छोटा कुत्रा. मला वाटलं गुनवोर आता बाजूला घेईल. घेईना. मी ओरडलो. तिनं हिसका दिला, खाडकन आवाज झाला, माझ्या बाजूचा आरसा दुमडला. गाडी थांबली. मागे बाई चारीतल्या गवतात बसलेली, कुत्रा भुंकतोय.

"काय होतं?" गुनवोरनं विचारलं. तिचा चेहरा पिठासारखा झाला होता.

"काय होतं काय? सायकल!"

"लागलं का तिला? अल्वार, लागलं का?"

ती उतरून मागे धावली. रस्त्याच्या कडेला टपालाच्या पेट्यांची रांग होती. गुनवोर त्या पेट्यांकडे तोंड करून म्हणाली, "बाई, फार चुकलं माझं. लागलंय का तुम्हाला?" ती बाई तर चार हात डावीकडे होती. शरमेनं तिला त्या बाईच्या तोंडाकडेही बघवेना, इतका माझ्या बहिणीचा जीव कासावीस झाला होता.

बाईला खरचटलंसुद्धा नव्हतं. आरसा टोपलीला लागला होता. ती उठली, कपडे झटकले आणि म्हणाली, "आजीबाई, आता गाडी चालवायचं वय राहिलं नाही तुमचं. हा एवढा धडधाकट बाप्या शेजारी बसलाय तो शोभेला आहे का?"

मी दुमडलेला आरसा सरळ केला. मी ठरवलं होतं की संध्याकाळी सांगायचं, मी उद्या बसनं परत जातो. जेवताना तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा बटाटा घातला.

सोमवार, २४ जून. एका गोठ्याशेजारच्या खोलीत

सगळं क्रमानं लिहितो. नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

फेरिलाहून वर जाताना डांबर संपतं आणि जंगलातला खडीचा रस्ता लागतो. पाऊस भुरभुरत होता. दोन्ही बाजूंना पाइन, मध्ये शेवाळ, तासाभरात एकही गाडी नाही. गुनवोर आनंदात होती. "हा रस्ता मी झोपेत चालवीन. आठवड्याला सहा फेऱ्या. आता लांब डावं वळण, मग उतार, मग पूल. पुलाच्या फळ्या वाजतील बघ."

वळण आलं. मी डोळे मिटले.

नेहमीपेक्षा जास्त वेळ मिटले असावेत, कारण उतार संपेना. मग लाकूड मोडल्याचा आवाज आला आणि मी डोळे उघडले. काचेवर पिवळ्या-लाल अडसराची फळी आडवी पडली होती आणि तिच्यापलीकडे पूल नव्हता. नुसतं पाणी. मी काय ओरडलो ते आठवत नाही. गुनवोरनं ब्रेकवर सगळा भार टाकला. गाडी घसरत गेली, नाक खाली झुकलं आणि थांबली.

खाली नदीचा आवाज. माझ्या बाजूचं पुढचं चाक हवेत फिरत होतं, ते हळूहळू थांबलं.

"हलू नकोस," गुनवोर म्हणाली. आवाज अगदी शांत. "काय दिसतंय सांग."

"पूल नाही! पूलच नाही गुनवोर!"

"कुठे गेला?"

"मला काय माहीत? तिकडे वर आहे एक. नवा, काँक्रीटचा. शंभर पावलांवर."

"पाटी असेल ना. रस्ता बंद म्हणून पाटी असणारच. तू वाचली का नाहीस?"

"मी... माझे डोळे मिटलेले होते."

ती हसली की हुंदका दिला ते मला कळलं नाही. "वा रे वा," ती म्हणाली. "ज्याला आहेत तो मिटून बसतो."

त्या क्षणी मला समजलं. भिंग, टपालाच्या पेट्या, सांडलेली कॉफी, माझा कान, सगळं एकदम अंगावर आलं. पण त्याचा विचार करायला वेळ नव्हता, कारण गाडी कुरकुरली.

"मागच्या सीटवर जा," ती म्हणाली. "सावकाश. आधी गुडघा. मागचं दार उघड, पण उतरू नकोस. तू मागे वजन ठेव, मग मी येते. मग दोघं एकदम उतरायचं." तिनं सांगितलं तसं केलं. ती मागे येताना तिचा बूट माझ्या जबड्याला लागला. मग ओल्या खडीवर आम्ही दोघं हातपाय पसरून पडलो. पाऊस तोंडावर येत होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन वर्षं झाली. फेब्रुवारीपासून फारच. मधोमध कुणी अंगठा ठेवल्यासारखं दिसतं. कडेकडेनं दिसतं थोडं. तुझा कान दिसतो, तोंड नाही दिसत."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"एप्रिलातच म्हणाले की चालवू नका. पत्रही दिलं."

"आणि तरी तू चालवलीस! मला शेजारी बसवून!"

"तू होतास म्हणून तर निघाले. पाट्या वाचायला कुणीतरी हवं होतं. मला हा रस्ता एकदा स्वतः चालवून जायचा होता, अल्वार. शेवटचा. पाठ होता मला. मला वाटलं, पाठ असलं की पुरे."

"ती सायकलवाली मेली असती, गुनवोर."

तिनं तोंडावरचं पावसाचं पाणी पुसलं.

"हो," ती म्हणाली. "काल झोपले नाही मी. थांबायला कालच हवं होतं. एकच दिवस राहिला होता म्हणून थांबले नाही. हे तुझ्या वहीत लिही, नाहीतर मी उद्या दुसरंच काहीतरी सांगेन."

म्हणून लिहिलं.

दोन किलोमीटर चालत आलो. ती माझा दंड धरून. तिथे योरान नावाच्या शेतकऱ्याचं घर लागलं. त्यानं ट्रॅक्टर आणून गाडी मागे ओढली. दिवा फुटलाय, पत्रा चेपलाय, गाडी चालू होते. "कोण चालवत होतं?" त्यानं विचारलं.

"मी," मी म्हणालो.

"डोळे आहेत का बटणं? सात वर्षं झाली तो पूल पाडून!"

मी मान खाली घातली. गुनवोर शेजारी उभी होती. तिची बोटं माझ्या दंडात रुतली.

मंगळवार, २५ जून. तिथेच, आणि मग पुढे

योरानची बायको म्हणाली, इथून बस नाही. धबधबा अठरा किलोमीटर, फेरिला चाळीस. गुनवोर पायरीवर बसून आंबट दूध पीत होती. "परत जाऊ," ती म्हणाली. "तुझ्याच्यानं होईल तर फेरिलापर्यंत चालव. नाहीतर योरान सोडेल."

मी गाडीपाशी गेलो. दार उघडलं. बंद केलं. गोठ्यामागे जाऊन ओकलो. परत आलो.

अठ्ठावीस वर्षं! किल्ली फिरवली आणि कानात त्या अकरा मुली किंचाळल्या. गाडी एक उडी मारून बंद पडली. पुन्हा. पुन्हा. योरान गोठ्याच्या दारात उभा राहून बघत होता, माझ्याबद्दलचं त्याचं मत पक्कं होत होतं.

"अरे, बघतोस काय खाली," गुनवोर म्हणाली. "ऐक. इंजिन वर चढतं ना आवाजात? कुठल्या सुरापाशी त्याला त्रास होतो ते तुला नको सांगायला. तिथे गिअर बदल."

आणि ते खरं होतं. पांढऱ्या पट्टीच्या दोन सुरांमध्ये ते कण्हायला लागायचं. बदललं की शांत. मी वीसच्या वेगानं चालवत होतो. शर्ट पाठीला चिकटला. नवा पूल आला तेव्हा डोळे मिटायची इतकी ऊर्मी आली की मी मोठ्यानं बोलायला लागलो: "पूल. कठडा डावीकडे. कठडा उजवीकडे. पाणी काळं. पूल संपला." गुनवोर म्हणाली, "असंच. थांबू नकोस."

पुलापलीकडे फाटा होता. डावीकडे योराननं सांगितलेला, या काठानं फेरिलाला जाणारा बरा रस्ता, उजवीकडे वर, धबधबा. मी दोन्ही पाट्या वाचल्या. तिनं तोंड खिडकीकडे वळवलं.

मी उजवीकडे वळलो. का ते माहीत नाही. भीती तर दोन्हीकडे सारखीच होती.

दुपारी एल्क आडवं आलं. मादी आणि दोन पिल्लं. मी थांबलो, इतका लांब थांबलो की त्यांना माझा पत्ताही लागला नाही. दहा मिनिटं थांबून राहिलो. गुनवोर म्हणाली, "गेलं का?" "गेलं," मी म्हटलं, "पण मी अजून थांबलोय." मासेमारांच्या झोपडीत मुक्काम. अठरापैकी चौदा किलोमीटर झाले.

बुधवार, २६ जून. वरचा धबधबा

पोचलो.

इथे ओंडकेवाल्यांची लाकडी खोली होती. आमचे शेवटचे चार उन्हाळे इथलेच. बारा पुरुष आत झोपायचे, आई बाहेर चुलीवर डुकराचं मांस तळायची, गुनवोर मला कमरेला दोरी बांधून खडकावर बसवायची, वाहून जाऊ नये म्हणून. पाण्याचा आवाज इतका की बोलायला ओरडावं लागे.

आता आवाज नाही. वर धरण झालंय. खडक उघडे पडलेत आणि त्यांच्यामधून पाणी वाट शोधत जातं. गुनवोर कान देऊन उभी होती. "पाणी गेलंय," ती म्हणाली. "ते कळतंय मला. खोली आहे का रे?"

मी समोर बघितलं. खोली नव्हती.

दोनशे किलोमीटर, सायकलवाली बाई, तो पूल, हे सगळं या एका खोलीसाठी. हिला नाही म्हणून कसं सांगायचं?

"आहे," मी म्हणालो. "आहे की. लालच आहे. थोडा रंग उडालाय. दार बंद आहे."

"धुराडं?"

"आहे."

"खिडकी?"

"एक काच फुटलीय," मी म्हणालो. खोटं एकदा सुटलं की किती सफाईनं येतं!

गुनवोर खडकावर बसली. हातानं जागा चाचपून, सावकाश. "अल्वार, ती खोली अठ्ठ्याऐंशी साली पाडली. लाकूड मीच नेलं, माझ्या ट्रकनं. बारा ओंडके कुजले होते, बाकीचे चांगले होते."

मला कानशिलं तापल्याचं जाणवलं.

"परवा योरानपुढे खोटं बोललास," ती म्हणाली, "ते माझ्यासाठी होतं, आणि मीही गप्प बसले. माझं चुकलं. जाताना त्याच्याकडे थांबायचं आणि मी सांगायचं. शुक्रवारी परवाना देऊन टाकायचा. पण हे बघ, मला आता राग्ना सांगेल, तू सांगशील, नर्स सांगेल, त्याच्यावर जगायचंय. लाल नसलं तर लाल म्हणू नकोस. मी घाबरते त्याला. आंधळं होण्यापेक्षा जास्त घाबरते."

गुनवोर घाबरते. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

"आता परत सांग," ती म्हणाली. "नीट."

मग मी सांगितलं. खोलीच्या जागी फायरवीड माजलंय, माझ्या छातीएवढं, तुरे अजून उमलायचेत. मध्ये बर्च उगवलेत, सात, नाही आठ, मनगटाएवढ्या जाडीचे. चुलीचे दगड आहेत, चार जागेवर, एक गडगडलेला. दगडांवर राखाडी शेवाळ. पलीकडे कुणीतरी फेकलेलं ट्रॅक्टरचं टायर. पाण्याकडची वाट बुजलीय. आपण बसायचो तो खडक आहे, तू त्याच्यावरच बसलीयस. आकाश पांढरं. बस, एवढंच.

"टायर," ती म्हणाली. "मेल्यांनी टायर टाकलंय." आणि डोळे पुसले.

मग तिनं तोंड माझ्याकडे वळवलं, म्हणजे माझ्या कानाकडे. "आणि मी? फेब्रुवारीपासून आरशात मी नाही. नुसते केस आणि कान. कशी दिसते रे मी आता?"

मी कधी तिच्याकडे टक लावून बघितलं नव्हतं. मोठ्या बहिणीकडे कोण बघतं? आता बघितलं. वळणावर मिटतो तसे डोळे मिटावेसे वाटले. पण उघडे ठेवले.

"म्हातारी दिसतेस," मी म्हणालो. "फार. गाल आत गेलेत. तोंडापाशी बाबांसारखी दिसतेस, ते चिडायचे तेव्हाचे. डोळे निळेच आहेत, बाहेरून काही कळत नाही. हनुवटीवर तीन केस आलेत. आणि कॉलरवर अंडं सांडलंय, सकाळचं."

ती ऐकत होती. मग तिनं हनुवटी चाचपली, एकेक करून तिन्ही केस बोटांना लागेपर्यंत.

"तीनच ना?" ती म्हणाली.

मी वाकून पुन्हा मोजले.

"चार," मी म्हणालो.